खाला, सुमीने गौर आणली

खाला, आधी हे ऐक, बाकीचं मागाहून. सुमीने गौर आणली. आमच्या सुमीने, वाडीखालच्या ओढ्यावरून, आमच्या पऱ्यावरून, सूप दोन्ही हातांत धरून, तोंडात पाणी घेऊन, सगळी पाखाडी चढून, थेट आमच्या ओटीपर्यंत. कुणी तिचा हात धरला नाही, कुणी पाठीला हात लावला नाही. काल गावाहून संध्याकाळच्या एसटीने परतले तर खांद्यावरची पिशवी न उतरवताच तुझ्या मागल्या दाराशी गेले. कडीला हात लागला तेव्हा ध्यानात आलं. मग तिथेच पायरीवर बसले. सांगायचं तर होतंच, म्हणून आता लिहून सांगते.

तू जाऊन चाळीस दिवसही झाले नाहीत, तुझा चाळिसावा अजून व्हायचाय आणि मी इथे हसतेय. कुणी बघितलं तर म्हणेल, बाईला काही वाटतं की नाही. रडेन मी, खाला, त्याला पुढे पुष्कळ वेळ आहे. ही बातमी शिळी होऊ द्यायची नाहीये मला.

लोक विचारतात, ही खाला तुझी कोण. एका शब्दात सांगता येत नाही. तू घरमालकीण होतीस, तुझ्या मागल्या पडवीतली खोली आम्ही घेतली. मी अठ्ठ्याण्णव साली बी. ए. झाले, आमच्या अख्ख्या वाडीत पहिली, आणि हे मी अजूनही कुणी न विचारता सांगते. रत्नागिरीत वकिलांच्या ऑफिसात टायपिंगचं काम धरलं आणि माझ्या सात वर्षांच्या धाकट्या बहिणीला, सुमीला, संगमेश्वराकडच्या गावातून इथे घेऊन आले. गावात तिला खुळी म्हणत. आईने ग्रहणात विळीवर भाजी चिरली म्हणून पोर अशी झाली, हे सगळ्या वाडीला ठाऊक होतं. फक्त ते ग्रहण कधी होतं हे कुणाला आठवत नव्हतं. इथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी पहिल्यांदा नाव सांगितलं, डाउन सिंड्रोम. एका जादा गुणसूत्राचा खेळ, आईचा दोष नाही, विळीचाही नाही. मी कलाशाखेची, तरी कॉलेजात जाऊन विज्ञानाच्या पुस्तकांतून गुणसूत्र म्हणजे काय ते वाचून आले आणि तुझ्या ओट्यावर बसून तुला समजावलं. तू तांदूळ निवडत होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि आत हाक मारलीस, ‘सलीम, भायेर ये.’

आणि सलीम बाहेर आला. सुमीच्याच वयाचा, तेच डोळे, तेच बसकं नाक, तीच आखूड बोटं. आल्या आल्या त्याने मला मिठी मारली. मी बघतच राहिले. तू म्हणालीस, आमच्याकडे ग्रहणाला कोणी विचारत नाही, आमच्याकडे नजर लागते. तुझ्या सासूने त्याच्या दंडाला तावीज बांधला होता, दर्ग्यात नेलं होतं. तुझ्या नवऱ्याने कुवेतहून तिथल्या डॉक्टरांना विचारून पत्र धाडलं होतं, आणि सगळं करून झाल्यावर सासू म्हणाली होती, अल्लाचा भोळा बंदा आहे, राहू दे. आमची विळी आणि तुमची नजर. आपण दोघी इतक्या हसलो त्या दिवशी, की सुमीने कानांवर हात ठेवले.

तिथून आपलं भांडण सुरू झालं ते शेवटपर्यंत.

पहिलं भांडण मी दवाखान्यातून आणलेल्या पुस्तिकेवरून. त्यात लिहिलं होतं, ही मुलं प्रेमळ असतात, त्यांना संगीताची आवड असते. सलीमच्या बाबतीत शब्द न् शब्द खरा. रेडिओ लागला की तो नाचणार, धक्क्यावर गेला की होडीवाले त्याला हाक मारून बांगडे देणार, आणि तो बांगडा हातात धरून त्यांच्याच गळ्यात पडणार. आणि आमची सुमी! रेडिओ लागला की बंद करायची. जवळ घेतलं की कोपराने ढकलायची. दारातल्या चपला सरळ रेषेत लावायची, आणि कुणी त्या रेषेतली चप्पल पायात घातली तर त्या माणसाशी दिवसभर बोलायची नाही. मी चिंतेत पडले, हिच्यात आणखी काही बिघाड आहे की काय. तू म्हणालीस, ‘बिघाड कसला गो? तुझी आजी कशी होती?’ माझी आजी अगदी अशीच होती, खाला. तापट, नीटनेटकी, कुणाला जवळ न घेणारी. तो एक जादा धागा सोडला तर बाकीची सगळी पोर आमच्याच घरातली होती, हे मला बी. ए. होऊनही दिसलं नव्हतं. तेवढ्यापुरती तू जिंकलीस. मी ते तेव्हाही कबूल केलं होतं, जरा तोंड वाकडं करून.

दोघांना घेऊन आपण बाजारात जायचो. तू डोक्यावर ओढणी घेतलेली, मी कुंकू लावलेली, मध्ये ही दोन सारख्या तोंडाची पोरं. लोक वळून बघायचे. एका भाजीवालीने विचारलंच, भाऊ-बहीण काय हो? तू न थांबता म्हणालीस, ‘जुळी.’ आणि भोपळ्याचा भाव करत राहिलीस. ती बाई आपल्या चौघांकडे आळीपाळीने बघत बसली आणि भाव कमी करून गेली.

पण जुळी म्हणून काय झालं? दोघांना लोक विचारायचे ते प्रश्न वेगळे होते. सलीमबद्दल म्हणायचे, मोठा झाला की काय करील? सुमीबद्दल ती वर्षाची असल्यापासून म्हणत आलेत, हिला कोण करून घेईल? तो काय करील, तिला कोण घेईल. त्याचं बोबडं बोलणं लाडाचं, तिचं खुळ्याचं. सलीम हट्टाने रस्त्यात बसला तर पोरगा मर्जीचा आहे. सुमी बसली तर हिला घरात ठेवा. आणि खाला, यात तूसुद्धा होतीस. हे मी तुझ्या तोंडावर बोलले आहे, म्हणून आता मागे बोलायला हरकत नाही.

सलीम एकटा मशिदीपर्यंत जायचा, धक्क्यापर्यंत जायचा, तू खिडकीतून बघायचीस आणि भाकरी थापायचीस. सुमी फाटकाबाहेर पाऊल टाकायची तर तू भाकरी तव्यावर टाकून धावायचीस. ‘पोरगा पडला तर चार हात उचलतात,’ म्हणायचीस. ‘पोरीला उचलायला जे हात येतात ते कसे असतात, तुझ्या कॉलेजात शिकवलं नाय काय?’ मी म्हणायचे, मग काय जन्मभर आत ठेवू? तू म्हणायचीस, ठेव, जन्म काय मोठा असतो. मग मी चिडायचे आणि तू मला चहा करून द्यायचीस. चहा पिऊन झाला की पुन्हा तेच.

मधल्या काळात दवाखान्यात बोलायला शिकवणाऱ्या बाई येऊ लागल्या. त्यांनी सांगितलं, या मुलांच्या तोंडाचे स्नायू सैल असतात, म्हणून जीभ बाहेर येते, लाळ गळते, शब्द नीट फुटत नाहीत. मेणबत्ती फुंकायला लावा, नळीने सरबत प्यायला द्या, गालात पाणी धरून ठेवायला लावा. मी ऑफिसात, तेव्हा हे सगळं तूच करून घेतलंस, अंगणात, दोघांकडून. सलीम गाल फुगवून कोंबड्यांच्या अंगावर चूळ मारायचा आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवाव्यात म्हणून थांबायचा. सुमी कुणी बघत असेल तर करायचीच नाही. भिंतीकडे तोंड करायची, पाणी धरायची, आणि दमली की गुपचूप आळूच्या मुळाशी सोडायची. तू मला हळूच सांगायचीस, आज तुझ्या आजीने पुष्कळ वेळ धरलं.

त्यावरूनच माझ्या मनात आलं. आमच्याकडे गौर आणायची ती घरातल्या कुमारिकेने. पऱ्यावर तेरड्याच्या रोपांची गौर पुजतात, मग पोरगी तोंडात पाणी भरते, म्हणजे वाटेत तिने बोलू नये. सूप घेऊन मागे न बघता घरी येते. घरातल्या प्रत्येक पोरीच्या वाट्याला ते एकदा येतं. मी आणली होती, माझ्या चुलत बहिणींनी आणली. सुमीचं नाव कुणी काढलं नव्हतं. काढायचं नाही असंही कुणी म्हणालं नव्हतं. नुसतं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि मला तेच जास्त लागलं. घरातल्या मुली मोजताना तिला कुणी धरतच नव्हतं. मी ठरवलं, या वर्षी सुमी.

तू बुरोंडीला माहेरी निघालीस त्या सकाळी तुला हे सांगितलं. बॅग हातात, रिक्षा दारात. तू बॅग खाली ठेवलीस. मला वाटलं खूश होशील. तू म्हणालीस, ‘लोकांत उभी करू नको तिला. हसतील. तुला ते चालेल, तू भांडशील. तिला कळतं, म्हणून सांगते.’ मी फटकन म्हणाले, सलीमला तू धक्क्यावर लोकांत नाचू देतेस ते चालतं, तो पोरगा म्हणून? तू बॅग उचललीस. रिक्षात बसल्यावर म्हणालीस, परत आले की बोलू.

तिथे तुझ्या छातीत कळ आली आणि दापोलीच्या दवाखान्यापर्यंतही पोचली नाहीस. मी बुरोंडीला आले तेव्हा माती देऊन झाली होती. तुझ्या माहेरच्या बायकांनी मला आत घेतलं, मध्ये बसवलं, कोण-कुठली विचारलं नाही. मी तिथे बसून मनात तुझ्याशी भांडत होते. असं अर्धवट टाकून जातात का?

आता गौरीचं. आमच्या घरात गौरीचं सगळं काकीच्या हातात, बापाच्या थोरल्या वहिनीच्या. मी विषय काढला तर तिने आवाज चढवला नाही. ‘गौरीला अव्यंग पोर लागते गो. मी काय वायट बोलत नाय, रीत हाय. आणि हिच्या तोंडात पाणी तरी ऱ्हाणार हाय काय? ऱ्हात असेल तर दाखव.’ मी भरला तांब्या सुमीपुढे धरला. घरभर बायका. सुमीने तांब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि सगळ्यांकडे पाठ करून परसात निघून गेली. सलीम असता तर सातदा करून दाखवलं असतं, वर नाचला असता. काकी म्हणाली, ‘बघ.’ आणि तिच्या नातीचं, दीपाचं ठरलं. आई चुलीत लाकडं सारत राहिली. मला तुझी आठवण झाली आणि तुझा रागही आला, कारण तू जिंकत चालली होतीस.

दुपारी सगळ्या पऱ्यावर गेलो. सुमीला नवा परकर-पोलका घातला होता, ती माझ्या बाजूला उभी. पूजा झाली, दीपाने तोंडात पाणी भरलं, सूप हातात घेतलं. तेवढ्यात मागून कुणी तरी म्हणालं, बेडूक दिसतेस गो. झालं! दीपाला हसू फुटलं आणि सगळं पाणी सुपावर. बायका हसल्या. पुन्हा पाणी भरलं, पुन्हा तेच. मग तिच्या मैत्रिणी हसायला लागल्या, सूप वाकडं झालं, तेरड्याची दोन रोपं कलली, हळदकुंकू सांडलं. काकी ओरडायला लागली.

मी सुमीकडे बघितलं. तिचा चेहरा तुला ठाऊक आहे, चपलांची रेषा मोडल्यावरचा. तिने परकर सावरला, वाकून ओंजळीने पाणी तोंडात घेतलं. दीपाच्या पुढ्यात गेली, कललेली रोपं सरळ केली, आणि भांडं धड न धरणाऱ्या पोरीच्या हातातून आपण ते काढून घेतो ना, तसं सूप काढून घेतलं. आणि चालायला लागली.

काकीने हाक मारायला तोंड उघडलं आणि उघडंच राहिलं. गौर घेऊन निघालेल्या पोरीला मागून हाक मारायची नसते, खाला! तिने वळून बघितलं तर गौर पाण्याकडे परत फिरते. हे आम्हाला लहानपणापासून दटावून शिकवलं कोणी, तर काकीने. तिने स्वतःच्या तोंडावर पदर धरला. सुमीला आता कुणीच थांबवू शकत नव्हतं.

आमची पाखाडी म्हणजे जांभ्याच्या पायऱ्या, भाद्रपदात शेवाळलेल्या. सुमी कशी चढते ते तू बघितलं आहेस, एका पायरीवर दोन्ही पाय ठेवायचे, मग पुढची. पुढे गौर असताना तिला ओलांडून जाता येत नाही. त्यामुळे अख्खी वाडी, म्हाताऱ्या, सासुरवाशिणी, थाळी वाजवणारी बाई, सगळ्या तिच्या मागे, दोन्ही पाय, मग पुढची. थाळीसुद्धा त्याच लयीत वाजायला लागली. तिच्या ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं, पोलक्याचा खांदा भिजला होता. मी मनात म्हणत होते, धर बाय, धर.

आणि मध्यावर मागून कुणी तरी हसलं. वाईट हसू होतं ते, ओळखू येतं. सुमी थांबली. मला तिचे कान दिसले, लाल झाले होते. तू म्हणाली होतीस तेच, तिला कळतं. पाठीत धोंडा बसावा तशी उभी राहिली. मला वाटलं आता सूप खाली ठेवील. मी पुढे जाऊ शकत नव्हते, हाक मारू शकत नव्हते. मग तिने उजवा पाय उचलला.

ओटीवर आईने पायांवर दूध-पाणी घातलं. सुमीने सूप आईच्या हाती दिलं, तुळशीपाशी गेली आणि सगळ्यांच्या देखत तोंडातलं पाणी सोडलं. होतं, खाला. चांगलं घोटभर होतं! काकी वाकून बघत होती. मग आईने रीतीप्रमाणे विचारलं, ‘गौरीबाय, काय घेऊन आलीस?’ उत्तर असतं, सोनं आणलं, धान्य आणलं, पोरंबाळं आणली. सुमीला ते कुणी शिकवलंच नव्हतं. तिने सगळ्यांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मी आणली.’

काकीने दुरुस्त केलं, तसं नाय गो, सोनं आणलं म्हण.

‘मी आणली.’

काकी पुढे आली. मग कुंकवाचा करंडा घेतला, तिच्या कपाळाला बोट लावलं आणि म्हणाली, ‘व्हय गो बाय. तूच आणलीस.’ सुमीने ते बोट कोपराने ढकललं नाही. एवढंच, बाकी मिठी-बिठी काही नाही. लगेच आत जाऊन जेवायला बसली. आई चुलीपाशी इतकी रडली की भाजीत मीठ दोनदा पडलं.

तर तू म्हणालीस हसतील, हसले. मी म्हणाले आणेल, आणली. आता हे भांडण कोण जिंकलं ते सांगायला तू नाहीस.

एक गोष्ट राहिली, ती आज सकाळची. तू गेल्यापासून सलीम नाक्यापलीकडच्या, या मुलांसाठीच्या वर्गाला गेला नव्हता. दोघांना वर्गात तूच पोचवायचीस. सुमीला मी ऑफिसला जाता जाता सोडत होते, पण सलीम दारातून हलत नव्हता. त्याला सगळ्यांनी सांगितलं होतं, अम्मी बुरोंडीला आहे, उद्या येईल. मीही तेच सांगितलं होतं. तो रोज दारात बसायचा आणि त्याची फुफी, तुझी नणंद, आत डोळे पुसायची.

आज सुमीने आपलं आपण आवरलं. मी वेणी घालत होते तोवर ती चपला घालून तुझ्या पुढल्या दारात पोचलीसुद्धा. मी मागून धावले. तिने सलीमचं मनगट धरलं होतं. ‘चल. वर्ग.’

सलीम म्हणाला, ‘अम्मी?’

‘अम्मी मेली. चल.’

फुफीच्या हातातला पेला पडला. सलीम सुमीच्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग जो रडला, खाला, इतक्या दिवसांचं सगळं. रडत रडत तिच्या गळ्यात पडला. सुमीला मिठी सहन होत नाही, तुला माहीत आहे. ती दोन्ही हात खाली सोडून ताठ उभी राहिली. ढकललं नाही, थोपटलंही नाही. त्याचं होईपर्यंत उभी राहिली. मग पुन्हा म्हणाली, ‘चल.’ आणि तो निघाला.

फाटकाशी फुफीने माझ्याकडे बघितलं. ‘सोडतेस? एकटी?’

माझ्या घशाशी तुझे शब्द आले. पोरगी हाय ती. अगदी तुझ्या सुरात. इतकी वर्षं तुझ्याशी भांडले आणि वेळ आली तेव्हा तुझ्याहून जास्त घाबरले. तुझी भीती कुठे गेली असेल असं वाटत होतं. ती इथेच होती, माझ्याकडे. पण मी म्हणाले, सोडते. आणि सोडलं. आणि मग, तुला खोटं कशाला सांगू, पर्स उचलून मागोमाग गेले. भिंतीच्या आडोशाने, चोरासारखी. नाक्यावर रस्ता ओलांडायच्या आधी ती थांबली, सलीमला मागे खेचलं, एक टेम्पो जाऊ दिला, आणि ओलांडला. तिथून पुढे मी गेले नाही. जायचं होतं, पण गेले नाही.

उद्याही दोघं जातील असं वाटतं. उद्या मी नाक्यापर्यंतही जाणार नाही असं ठरवलंय, बघू जमतं का. तुझी बाजू काही कच्ची नव्हती, खाला. ती आता रोज सकाळी मलाच मांडावी लागेल आणि मलाच खोडावी लागेल. संध्याकाळी वर्गाच्या बाई भेटल्या, त्यांना विचारलं.

दोघं वेळेवर आली होती.